इंग्लंडातल्या पाणंदी आणि सायकल : शांत रस्ते कसे शोधायचे

रानपाखरू | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी,

यूकेत राहणाऱ्या सायकलवाल्यांचे निरोप मला अधूनमधून येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच : वीकेंडला कुठे जाऊ? गाड्यांची भीती वाटते. दरवेळी तेच लिहिण्यापेक्षा धागा काढते, म्हणजे इतरांनाही भर घालता येईल.

माझं आजोळ कराडजवळचं. तिथे दोन शेतांमधून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना झाडोरा असलेल्या वाटेला पाणंद म्हणतात. बारा वर्षांपूर्वी ऑक्सफर्डशरमध्ये राहायला आले आणि इथली कंट्री लेन पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तोंडून तोच शब्द निघाला. इथली पाणंद डांबरी आहे आणि करंजाच्या जागी हॉथॉर्न आहे, पण चाल तीच. शेताच्या कडेने वळत जाते, ओढा आला की खाली उतरते, गाव आलं की देवळाला, म्हणजे चर्चला, वळसा घालते.

माझं सांगणं एवढंच आहे : नावाजलेले मार्ग शोधत बसू नका, नकाशा वाचायला शिका. नावाजलेल्या मार्गावर गर्दी असतेच. शांत रस्ता बहुतेक वेळा तुमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर असतो, फक्त त्याच्यावर कुठलीही पाटी नसते.

ऑर्डनन्स सर्व्हेचा (ही ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) गुलाबी मुखपृष्ठाचा लँडरेंजर नकाशा घ्या, १:५०,००० चा. (चालणाऱ्यांसाठीचा नारिंगी एक्सप्लोरर १:२५,००० चा असतो. सायकलला तो फार मोठा पडतो, सकाळभरात कागदाबाहेर जाल.) त्यात ए रस्ते (मोठे हमरस्ते) लाल किंवा हिरवे, बी रस्ते (दुय्यम) नारिंगी आणि बाकीचे पिवळे. पिवळ्यांतही दोन जाती आहेत. जाड पिवळा म्हणजे साधारण चार मीटरपेक्षा रुंद, बारीक पिवळा म्हणजे त्याहून अरुंद. आपल्याला हवा तो बारीक पिवळा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जाऊन बाजू द्यावी लागते, म्हणून घाईतला माणूस तिकडे वळतच नाही. रस्त्यावर एक बाण छापलेला दिसला तर १४ ते २० टक्के चढ आणि दोन बाण म्हणजे २० टक्क्यांच्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं. हे लक्षात ठेवा, नाहीतर दिवसभराचं नियोजन उलटं होतं.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. पिवळा रस्ता सरळसोट असेल तर तो बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला, संसदेने कायदे करून सामाईक जमिनी वाटल्या आणि कुंपणं घातली त्या काळातला. मोजणीदाराने फूटपट्टी लावून आखलेला, दोन्ही कडांना गवताचे रुंद पट्टे ठेवलेला. दिसायला छान, पण लांबवरचं दिसत असल्याने गाड्या तिथे जोरात येतात. वाकडातिकडा रस्ता त्याहून कितीतरी जुना. तो माणसांच्या आणि मेंढरांच्या पायांनी पाडलेला आहे आणि तिथे गाडीवाला आपोआप हळू होतो. दोन पर्याय असतील तेव्हा मी नेहमी वाकडी पाणंद घेते. मधोमध गवत उगवलेलं दिसलं तर बेलाशक.

आता माझा आवडता फेरा देते. कॉट्सवोल्ड्समधला, साठ-सत्तर किलोमीटरचा. लंडन पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डमार्गे येणारी गाडी किंगहॅमला थांबते. स्टेशनातून बाहेर पडलं की ब्लेडिंग्टन, मग आयकमकडे चढ. वरचा ए४२४ ओलांडून विक रिसिंग्टनला उतरायचं आणि पुढे ए४२९ फक्त ओलांडायचा. हा जुना रोमन फॉस वे, सरळ आणि वेगवान, त्यावर रेंगाळू नका. पलीकडे लोअर स्लॉटर, अप्पर स्लॉटर. नावातला स्लॉटर कत्तलीचा नव्हे, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिखलाची जागा. उलट अप्पर स्लॉटर हे अशा मोजक्या गावांपैकी आहे जिथले दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळे जण जिवंत परतले. तिथून नॉन्टन, गायटिंग पॉवर, कायनटन, टेंपल गायटिंग, फोर्ड, कट्सडीन, स्नोशिल. परतताना वरच्या माळावरून काँडिकोट, लाँगबरो, डॉनिंग्टन, ब्रॉडवेल, ईव्हनलोड, ॲडलस्ट्रॉप, डेल्सफर्ड आणि पुन्हा किंगहॅम.

बोर्टन-ऑन-द-वॉटर मी मुद्दाम वगळलंय. सुंदर आहे, पण उन्हाळ्यात बसगाड्यांचा बाजार असतो. स्टो-ऑन-द-वोल्डही टाळा, मोठे रस्ते तिथेच येऊन मिळतात.

शेवटच्या टप्प्यात काय आहे ते उद्या लिहिते. त्याला वेगळी जागा द्यायला हवी.

---

तिरपा_वारा | ९ एप्रिल

वाचनखूण साठवली. सरळ आणि वाकड्या रस्त्याचं हे गणित माहीत नव्हतं. आता नकाशा उघडून बसलोय आणि आमच्या भागातले सगळे सरळ पिवळे रस्ते डोळ्यांत भरताहेत.

मी एसेक्सच्या उत्तर टोकाला. लोक एसेक्स म्हटलं की नाक मुरडतात, त्यांनी ऑडली एंड स्टेशनला सायकल घेऊन उतरावं. डेबडनमार्गे थॅक्स्टेड, पुढे ग्रेट बार्डफिल्ड, फिंचिंगफिल्ड, हेम्पस्टेड आणि परत. चढ आहेत पण दम काढणारे नाहीत, नवशिक्याला उत्तम. थॅक्स्टेडला लाकडी सांगाड्याचं जुनं गिल्डहॉल, मागे १८०४ ची पवनचक्की. फिंचिंगफिल्डला तळं, बदकं आणि चहा. रविवारी दुपारी मोटारसायकलवालेही तिथेच जमतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत गाठा.

डनविच डायनॅमो नावाची रात्रफेरी याच भागातून जाते. जुलैतल्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी संध्याकाळी लंडन फील्ड्सवरून निघायचं आणि पहाटे सफोकच्या किनाऱ्यावर डनविचला पोचायचं. १८० किलोमीटरच्या वर. नावनोंदणी नाही, फी नाही. अंधारात वळणांवर कुणीतरी काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून ठेवलेली असते. मी दोनदा गेलो. ज्या गावात पोचतो ते मध्ययुगात मोठं बंदर होतं, बहुतेक सगळं समुद्राने खाल्लं. पहाटे पाचला त्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर बसून समुद्राकडे बघताना, खाली घरं आणि चर्चं बुडालेली आहेत ही जाणीव मनातून जात नाही.

---

चिंचेचं_बोटुक | १० एप्रिल

ताई, छान धागा. दोन प्रश्न आहेत, स्पष्टच विचारते.

एक, या अरुंद रस्त्यांवर वेगमर्यादा किती? आमच्या गावाबाहेर पडलं की पांढऱ्या गोलावर काळा तिरका पट्टा दिसतो आणि तिथे गाड्या सुसाट सुटतात. दुसरा प्रश्न एकट्या बाईने, त्यातही सावळ्या बाईने, या खेड्यापाड्यांतून फिरण्याबद्दल. मी लेस्टरला असते, शहरात काही वाटत नाही. पण गावात शिरले की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं.

---

रानपाखरू | १० एप्रिल

@चिंचेचं_बोटुक, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

तो पांढरा गोल म्हणजे राष्ट्रीय वेगमर्यादा. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० मैल, आणि कागदोपत्री ती पाणंदीलाही लागू असते. कुणी त्या वेगाने जात नाही, जाऊच शकत नाही, पण तीस-चाळीसने वळणावर येणारे असतात. म्हणून झुडपाला चिकटून चालवू नका. चिकटून चालवलं की वळणावर तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. आंधळ्या वळणाआधी रस्त्याच्या मध्याकडे या, म्हणजे समोरच्याला आणि मागच्याला दोघांनाही तुम्ही आधी दिसता. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्येही (इथली वाहतुकीची सरकारी नियमपुस्तिका) हेच लिहिलंय : शांत रस्त्यावर सायकलवाल्याने लेनच्या मध्यातून जावं, मागून वेगवान गाडी आली आणि सुरक्षित असेल तर बाजूला व्हावं. ओलांडणाऱ्या गाडीने ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर सोडायचं, वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. पाणंदीत दीड मीटर जागाच नसते, त्यामुळे तिथे गाडीने मागे थांबणं हाच नियम झाला. मी पहिलं शेताचं फाटक आलं की थांबून तिला पुढे जाऊ देते. बहुतेक जण हात करतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवापुरतं. दहा वर्षांत दोनदा गाडीतून कुणीतरी काहीतरी ओरडलं. दोन्ही वेळा मोठ्या रस्त्यावर, पाणंदीत कधीच नाही. गावातली माणसं बघतात हे खरं आहे. मी आधी मान खाली घालून निघून जायचे. आता थांबून ‘मॉर्निंग’ म्हणते आणि पुढच्या गावाची वाट विचारते, माहीत असली तरी. बागेत काम करणारी म्हातारी माणसं कात्री खाली ठेवून पाच मिनिटं वाट समजावतात आणि एकीने तर पाण्याची बाटली घरात नेऊन भरून दिली. तुमची धाकधूक खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या दोन-तीन वेळा माझ्याबरोबर या. लेस्टरहून किंगहॅम आडवाटेचं पडेल, आपण मध्ये कुठेतरी भेटू.

---

थंडहवा | १० एप्रिल

लीड्सहून नोंद. यॉर्कशर डेल्सची बाजू मांडायला हवी, कॉट्सवोल्ड्सचं कौतुक फार झालं. :)

२०१४ साली टूर द फ्रान्सची सुरुवात लीड्सहून झाली आणि बटरटब्सची खिंड जगभर टीव्हीवर दिसली. तेव्हापासून चांगल्या हवेच्या रविवारी तिथे सायकली, मोटारसायकली, गाड्या, सगळंच असतं. एकदा जरूर जा, पण मंगळवारी.

मला खरा आनंद लिटनडेलमध्ये मिळतो. सेटल स्टेशनला उतरा, स्टेनफर्थवरून पेन-ई-गेंटच्या पायथ्याने चढा, पलीकडे हाल्टन गिलला उतरा, दरीतून आर्नक्लिफ. तिथून डार्नब्रुकचा चढ (बाण मोजून ठेवा), मालम टार्नचं पठार आणि लँगक्लिफवरून परत सेटल. पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, पण दिवस लागतो. वरच्या रस्त्याला कुंपण नाही, मेंढ्या डांबरावर झोपलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये कर्ल्यू पक्ष्याची लांब शीळ सोबत येते.

कॅटल ग्रिडबद्दल : रस्त्यात आडवे लोखंडी दांडे असतात, गुरं ओलांडू नयेत म्हणून. काटकोनात जा, हँडल सरळ, ब्रेकवरून बोटं काढा, पेडल मारू नका. पाऊस पडलेला असेल तर उतरून बाजूच्या छोट्या फाटकातून जा. माझ्या एका मित्राचं गळ्याजवळचं हाड तिथे मोडलंय.

---

मालवणी_चाक | ११ एप्रिल

थंडहवा, तुमच्या डेल्समधल्या त्या दगडी भिंती पाहिल्या आणि मला आमचे गडगे आठवले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आमच्याकडे जांभा, तिथे चुनखडक. आजोबा पावसाळ्यानंतर ढासळलेला गडगा लावायला बसत, तसाच एक म्हातारा मला आर्नक्लिफच्या अलीकडे दिसला. दगड हातात फिरवून बघायचा, नाही बसला तर खाली ठेवायचा, दुसरा घ्यायचा. मी सायकल टेकवून अर्धा तास बघत राहिलो. त्याने विचारलं, तुमच्याकडे असतात का? म्हटलं, असतात, पण लाल.

---

रानपाखरू | ११ एप्रिल

मालवणी_चाक, किती छान लिहिलंत. गडगा हा शब्द मी आता तोच वापरणार.

राहिलेला टप्पा. ॲडलस्ट्रॉपहून किंगहॅमकडे येताना डेल्सफर्ड लागतं. चार घरं, झाडी आणि सेंट पीटरचं छोटं चर्च. चर्चच्या मागे एका दगडी चौथऱ्यावर कलश आहे. ती वॉरन हेस्टिंग्जची समाधी, ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालचा पहिला गव्हर्नर-जनरल.

मी पहिल्यांदा तिथे योगायोगाने पोचले. पाऊस आला म्हणून चर्चच्या आडोशाला उभी राहिले आणि नाव वाचलं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं नाव असं गवतात समोर आलं की अंगावर काटा येतो. ज्याने वडगावचा तह झुगारला, गॉडर्डची फौज आपल्यावर पाठवली आणि शेवटी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ साली सालबाईचा तह केला, तो हाच. डेल्सफर्डची इस्टेट त्याच्या घराण्याची होती, पुढे हातातून गेली. ती परत मिळवायची हे त्याने लहानपणीच मनाशी धरलं होतं असं सांगतात. हिंदुस्थानातून परतल्यावर १७८८ साली त्याने ती विकत घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटपुढे त्याच्यावर महाभियोग सुरू झाला, तो सात वर्षं चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. १८१८ साली इथेच वारला. ते साल वाचून मी थबकलेच : ज्या वर्षी पेशवाई संपली, त्याच वर्षी.

त्याचं घर बांधलं सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुविशारदाने. याच कॉकरेलने काही वर्षांनी आपला भाऊ चार्ल्स, हाही कंपनीत नोकरी केलेला, याच्यासाठी लाँगबरोजवळ सेझिंकोट नावाची हवेली बांधली. मुघल घाटाची, हिरव्या पडलेल्या तांब्याच्या घुमटाची. बागेत सूर्याचं देऊळ आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसवलेत. बाग ठराविक दिवशीच उघडी असते, पण लाँगबरोहून एक पायवाट त्या माळरानातून जाते आणि हवेली दुरून दिसते. पायवाटेवर सायकल नेऊ नका. इथे फुटपाथ फक्त चालणाऱ्यांचा. ब्रायडलवेवर (घोडेस्वारांच्या वाटेवर) मात्र १९६८ च्या कायद्यापासून सायकल चालते, घोड्यांना आणि चालणाऱ्यांना वाट देऊन. लाँगबरोला सायकल कुलूप लावून ठेवा आणि अर्धा तास चालून या.

म्हणून हा फेरा मी आपल्या लोकांना आवर्जून सांगते. ते मधाच्या रंगाचे दगड, ती सुबक घरं, त्यांतला काही पैसा आपल्या घरून आलेला आहे. मेंढ्यांच्या लोकरीचा पैसा आधीचा, मोठाली चर्चं त्यातून उभी राहिली. पण डेल्सफर्ड आणि सेझिंकोट यांचा पैसा तिकडचा. मला ते माहीत असणं गरजेचं वाटतं. पाणंद त्याने कमी सुंदर होत नाही.

---

कात्रजचा_घाट | १४ एप्रिल

नमस्कार. मी पुण्याचा, वय ६२. मे अखेरीपासून तीन महिने मुलीकडे बॅनबरीला येतो आहे. पुण्यातून २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) केल्या आहेत, खंबाटकी-पसरणी नेहमीचे. हा धागा वाचून राहवलं नाही. सायकल विमानाने आणावी की तिकडे घ्यावी? आणि माझा मागचा गियर ११-२८ दात्यांचा आहे, तो पुरेल का?

---

थंडहवा | १४ एप्रिल

काका, २८ दाती पुरणार नाही. आपला घाट लांब असतो पण चढ एकसारखा, एकदा लय लागली की माणूस तासभर चढतो. इथे चढ अर्ध्या किलोमीटरचा आणि तोंडावर भिंत उभी केल्यासारखा. लय लागायच्या आत संपतो, मग उतार, मग परत भिंत. मागे ३२ किंवा ३४ लावून घ्या. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

---

रानपाखरू | १४ एप्रिल

काका, या या! बॅनबरीहून हा फेरा अगदी जवळ आहे.

तीन महिने असाल तर सायकल आणाच. अंगवळणी पडलेली सायकल वेगळीच. आपण डावीकडून चालवतो, इथेही डावीकडूनच, त्यामुळे तो प्रश्न नाही. रेल्वेत सायकलीला पैसे पडत नाहीत, पण लांब पल्ल्याच्या गाडीत जागा मोजक्या असतात, तिकिटासोबत राखून ठेवा. पॅडिंग्टनच्या नव्या गाड्यांत कपाटासारखा कप्पा असतो, त्यात सायकल पुढच्या चाकावर उभी टांगायची. बॅगा आधी काढून ठेवा म्हणजे दारात धांदल होत नाही.

वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून. सकाळी वाऱ्याच्या तोंडावर निघा, संध्याकाळी तोच घरी आणतो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं आणि नऊनंतर मावळतं, त्यामुळे घाई नको.

खाणं बरोबर ठेवा. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी बंद होतं आणि पुष्कळ गावांत दुकानच उरलेलं नाही. मी गूळपोळीची घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवते. उन्हात वितळत नाही, एका हाताने खाता येते.

घोडा दिसला तर मागूनच वेग कमी करा आणि बोला. घंटी नको, माणसाचा आवाज हवा. ‘हॅलो, बाइक बिहाइंड’ एवढं म्हटलं की घोड्याला कळतं हा माणूस आहे. मग उजवीकडून भरपूर अंतर ठेवून, सावकाश.

---

तिरपा_वारा | १५ एप्रिल

काटे राहिले! काका ऑगस्टअखेर परत जाणार असतील तर वाचतील, पण इतरांसाठी लिहितो.

पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना कुंपणाची झुडपं सहसा छाटता येत नाहीत. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र सगळी पाणंद भादरत जातं आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. त्या दिवसांत मी एका सकाळी तीन पंक्चर काढलीत.

नवी ट्यूब घालायच्या आधी टायर तपासाच. बाहेरून काटा दिसत नाही, तो रबराच्या पातळीत मोडलेला असतो. टायरच्या आतून बोटाचं पेर हळूहळू फिरवा, मिलिमीटरभर टोक बोचतं. तिथे टायर उलटा दुमडा म्हणजे काळ्या रबरातून तपकिरी ठिपका वर येतो. आतून ढकललं तर आणखी मोडतो, बाहेरून भुवयांच्या चिमट्याने ओढा. तो चिमटा मी पंपाला चिकटपट्टीने बांधून ठेवलाय. ओल्या काट्याला एक कडू हिरवट वास असतो, आता मला तो लांबून येतो.

शरदात आमच्या पूर्वेकडे बीटाची काढणीही सुरू होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर येतो, पाऊस पडला की साबण. वळणावर झुकू नका.

---

चिंचेचं_बोटुक | ४ मे

काल गेले! एकटीच, लेस्टरच्या पूर्वेला, बारीक पिवळे रस्ते जोडत ३८ किलोमीटर. पहिल्या तासात फक्त चार गाड्या. कडेला काऊ पार्स्लीची पांढरी फुलं हँडलच्या उंचीला आलेली, दोन्ही हातांना घासत होती. रेपसीडची शेतं इतकी पिवळी की डोळ्यांवर हात धरावा लागला. मोहरीचीच बहीण ती, वासही ओळखीचा.

एका गावात रस्ता ओढ्यातून जातो. नकाशावर फोर्ड लिहिलं होतं, मी वाचलं नाही. पाणी जेमतेम घोट्याएवढं, तळाला काँक्रीट, म्हणून तशीच घातली. काँक्रीटवर शेवाळाचा हिरवा थर होता, पाण्याखाली तो दिसत नाही. पुढचं चाक निसटलं तेव्हा काही आवाजसुद्धा झाला नाही. डाव्या कोपरावर पडले, कोपर सोललं, गार पाणी बाहीत शिरलं. बाजूला पादचाऱ्यांचा छान पूल होता. कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी सायकल उचलली, घरून बँडेज आणलं, आणि तुम्ही कुठल्या, असं विचारून वीस मिनिटं गप्पा मारल्या. त्यांचे वडील देवळालीच्या छावणीत होते म्हणाल्या. मी नाशिकची!

पुढच्या रविवारी परत जाणार. ओढा चालत ओलांडेन.

---

रानपाखरू | ४ मे

किती आनंद झाला वाचून. कोपर स्वच्छ धुवा, ओढ्याला वरच्या शेतातून गुरांचं पाणी येतं. आणि सगळ्यांनी नोंद घ्या : फोर्ड दिसला की उतरायचं, पाणी वीतभर असलं तरी.

---

कात्रजचा_घाट | १९ जून

मंडळी, वृत्तान्त. काल किंगहॅमचा फेरा पूर्ण केला. ६८ किलोमीटर, सकाळी सातला निघालो, दुपारी तीनला परत. मागे ३४ दाती लावून आलो होतो, स्नोशिलच्या अलीकडे ती कामी आली. आयकमचा चढही सोपा नाही, पहिल्याच पाऊण तासात येतो, अंग गरम व्हायच्या आत.

काँडिकोटच्या माळावर एका तासात मला एक ट्रॅक्टर आणि एक टपालगाडी भेटली. पुण्यात मी पहाटे चारला निघतो ते रस्ता रिकामा मिळावा म्हणून. इथे सकाळी अकराला तो रिकामा होता. चंडोल डोक्यावर गात होते, दिसत नव्हते. मी थांबून हेल्मेट काढून ऐकलं.

डेल्सफर्डला मुद्दाम अर्धा तास ठेवला होता. चर्चमागे गेलो. मी शाळेत इतिहास शिकवायचो, एकतीस वर्षं. सालबाईचा तह किती वर्गांना शिकवला असेल, मोजदाद नाही. नाना फडणवीस, महादजी, हेस्टिंग्ज, फळ्यावर तीन नावं लिहून खाली बाण काढायचो. त्यातला एक तिथे, गवतात. गवत नुकतंच कापलेलं होतं, त्याचा वास सगळीकडे होता. मी काही बोललो नाही, नमस्कारही केला नाही. पाठीमागच्या खिशात चिक्की होती ती बाकावर बसून खाल्ली, पाणी प्यालो आणि नानांची मेणवलीतली घंटा आठवली. मग निघालो.

एक दुरुस्ती : ब्रॉडवेलहून ईव्हनलोडकडे जाताना एक फाटा लागतो, तिथली पाटी झुडपात पूर्ण झाकली गेली आहे. मी सरळ जाऊन एक किलोमीटर परत आलो. डावीकडे वळायला सांगावं की उजवीकडे, हे स्थानिकांनी तपासून लिहावं, मी तेव्हा दिशा हरवलो होतो.

---

रानपाखरू | १९ जून

काका, दोनदा वाचलं.

फाटा शनिवारी जाऊन बघते आणि इथेच लिहिते. पाटीचा फोटोही काढते. झुडूप छाटलं जात नाही तोवर शेजारच्या फाटकाची खूण देईन.

चिंचेचं_बोटुक, तुम्ही येता का? काका, तुम्हीही या, बॅनबरीहून पहिल्या गाडीने. सकाळी साडेआठला किंगहॅम स्टेशनबाहेर भेटू. गूळपोळ्या मी आणते.